जिवंत माणसाचं ताट

नोंग सेल्मोच्या घरात कडी घालायला बंदी होती. दाराला लाकडी अडसर, कपाटाला सुंभाची दोरी, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर झाकण नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. एखाद्या पाहुण्याने चुकून दाबलं आणि 'टक' झालं, की म्हातारा असेल तिथे थिजायचा. मग कपाळाचा घाम पुसत बायकोला विचारायचा, "पेतिंग, ऐकलंस?"

"ऐकलं. डबा लागला. आता डब्याला काय फासावर देऊ?"

पेतिंगचं तोंड हे असं. पण गपचूप उठून झाकण सैल करणारीही तीच.

दानाओ बंदराच्या मागच्या आमच्या डोंगरात बंदुका करणं म्हणजे दुसऱ्या गावांत मडकी करणं. कुणी नळी करतो, कुणी लाकडाचा दस्ता, कुणी नुसत्या स्प्रिंगा वळतो. सरकारला हे मान्य नाही, म्हणून कामाच्या फळ्या माडांच्या गर्दीत, आणि खालच्या रस्त्यावर पोलिसांची जीप दिसली की धुणं धुणाऱ्या बायका अचानक मोठ्याने गाऊ लागतात. त्यात काही चोरटेपणा आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. बाप करत होता, आजा करत होता, पोटाला तेच घालत होतं. गोळी सुटल्यावर कुठे जाते, हा विचार डोंगराखालच्या लोकांनी करायचा.

आन्सेल्मो काबाहुग, म्हणजे आपला नोंग सेल्मो (थोरल्या पुरुषाला आम्ही नोंग म्हणतो, थोरल्या बाईला नांग), याचा हातखंडा होता मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरून बंदुकीत सरकवायच्या पत्र्याच्या पेटीत. तेही नवीन करण्यात नाही. एका जातीच्या रायफलीचं मॅगझिन दुसऱ्या जातीच्या रायफलीला बसवून देण्यात. जुन्या लढाईनंतर अमेरिकन गेले आणि मागे हा सगळा विस्कटलेला संसार राहिला. कुणाकडे बंदूक आहे तर मॅगझिन हरवलंय, कुणाकडे पोतंभर मॅगझिनं आहेत तर बंदूकच वेगळ्या घराण्यातली. दिसायला सारखी, पण थोरल्याची चप्पल धाकट्याला होऊ नये तशी. कुठे खुळखुळणार, कुठे अडणार, कुठे ऐनवेळी गळून पडणार. अशी जोडी सेल्मोकडे यायची. आमच्यात मॅगझिन हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही, 'शिदोरी' म्हणायचं. "नोंग, शिदोरी बसत नाहीये," असं कुणी म्हटलं की सेल्मो जेवणावरून उठायचा.

माणसाला वेडच होतं ते. सैल बसलेली कुठलीही वस्तू त्याला बघवत नसे. चर्चची खिडकी वाऱ्याने वाजते म्हणून भर प्रार्थनेत उठून तिच्यात पाचर मारून आला होता. शेजारच्या म्हातारीची कवळी हलते म्हणून ती कानशीने घासून दिली. म्हातारी पुढे मरेपर्यंत मक्याची कणसं खात होती आणि सेल्मोला आशीर्वाद देत होती.

आणि त्याचा एक नियम होता. घासून, जुळवून शिदोरी बसली, तरी ती त्या दिवशी द्यायची नाही. लोखंड गार होऊ द्यायचं, हात गार होऊ द्यायचे, रात्र जाऊ द्यायची. सकाळी तोंडही न धुता पुन्हा बसवून बघायची. तो म्हणायचा, "गरम हाताला सगळंच बसल्यासारखं वाटतं." गिऱ्हाईक कितीही नाक घासो, सेल्मो काही ऐकायचा नाही.

एकदा ऐकलं. आणि तिथेच त्याच्या आयुष्याची वाट लागली.

लिबोरिओ नावाचा रखवालदार होता. खोबरं आणि सुकी मासळी नेणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मोटारबोटीवर बंदूक घेऊन बसायचं, हे त्याचं काम. तेव्हा आमच्या समुद्रात लुटारूंचा सुळसुळाट होता. मालकाने त्याच्या हातात बंदूक दिली एक, आणि मॅगझिन दिलं भलतंच. तो धापा टाकत डोंगर चढून आला, कडक इस्त्रीचा कॉलरचा शर्ट घामाने भिजलेला. संध्याकाळी बोट सुटणार होती.

"उद्या सकाळी ये," सेल्मोने सांगितलं.

"उद्या सकाळी मी समुद्रात असेन, नोंग. मोकळी बंदूक घेऊन बसू काय? लुटारूंना काय दस्त्याने बडवू?"

त्या दिवशी कुणास ठाऊक काय झालं, सेल्मो विरघळला. पोरगा गोड बोलायचा. पेतिंगने त्याला मक्याचा भात आणि तळलेली सुकी मासळी वाढली, तर खाता खाता म्हणतो कसा, "नांग, आख्खा समुद्र ओतलात काय यात?" पेतिंग हसून हसून बेजार. तेवढ्यात सेल्मोने काम उरकलं. मॅगझिन आत सरकवलं. टक. काढलं, पुन्हा सरकवलं. टक. हात गरम होते, लोखंड गरम होतं. "जा बाबा," तो म्हणाला. लिबोरिओ उड्या मारत डोंगर उतरला.

आठवडाभरात बातमी आली. पहाटेच्या धुक्यात कामोतेसच्या बेटांजवळ बोटीवर लुटारू आले, लिबोरिओने गोळ्या झाडल्या, आणि मध्येच बंदूक बंद पडली. "धडधड वाजत होती ती एकदम गप्प!" बोटीचा तांडेल बाजारात हातवारे करून सांगत होता. "आणि लिबोरिओ पाण्यात! प्रेतसुद्धा नाही मिळालं." सेल्मो तिथेच कांद्यांच्या ढिगाशेजारी उभा होता. बंदूक मध्येच गप्प होते ती कशाने, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

घरी आला आणि कानशी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. डोंगरातली माणसं विनवण्या करून थकली. "अरे, शंभर कामं चोख केलीस, एक चुकलं असेल!" त्या दिवसापासून सेल्मो खोवण्या करू लागला, नारळाच्या. खोवणीचं पातं सैल बसलं तर फार तर बोट कापतं.

आता सांगतो त्याला धरलं कशाने.

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे मेलेल्यांचे दिवस येतात. संध्याकाळी घरात टेबल मांडायचं, प्रत्येक मेलेल्याचं ताट वेगळं, त्याच्या आवडीचं वाढायचं, आणि उंबऱ्यात उभं राहून एकेकाला नाव घेऊन हाक मारायची. नाव घेतल्याशिवाय मेलेला माणूस उंबरा ओलांडत नाही. कितीही भुकेला असला तरी बाहेरच थांबतो. आत्मे जेवून जाईपर्यंत घरातल्यांनी शिताला हात लावायचा नाही.

त्या वर्षी सेल्मोने बापाला हाक मारली, आईला मारली, आणि मग हळूच म्हणाला, "लिबोरिओ, तूही ये बाबा." पेतिंगने चमकून पाहिलं. जास्तीचं ताट घेतलं, आणि त्याच्यासाठी मासळी पाण्यात भिजवून मीठ काढून तळली.

हाक मारून सेल्मोने मान वर केली तर अंगणापलीकडे केळींच्या बनात एक माणूस उभा. उघडाबंब, अंगावरून पाणी निथळतंय, हातात ओल्या कापडाचा बोळा. तोंड सावलीत. तो आत आला नाही. नुसता बघत राहिला, आणि अंधार पडला तसा दिसेनासा झाला.

दरवर्षी हेच. नंतर नंतर तर इतर दिवशीही, भर दुपारी, खोवणी घासता घासता मान वर करावी तर केळींत तो उभा. सेल्मोची झोप उडाली, गालफडं बसली. बायकोला सांगितलं तर ती केळींत जाऊन काठीने बडवून आली.

"कुणी नाहीये! आणि काय रे, लिबोरिओ असेल तर उघडा कशाला येईल? त्याचा तो इस्त्रीचा शर्ट कुठे गेला?"

"समुद्राने नेला असेल."

"आणि ताट मांडलंय, हाक मारलीय, तरी आत का येत नाही?"

याचं उत्तर सेल्मोकडे तयार होतं. "रागावलाय. मी मारला ना त्याला. माझ्या हातचं कसं खाईल?"

त्या बनात मात्र तो स्वतः एकदाही गेला नाही. पाय उचलतच नसत. पादऱ्याकडे जाऊन कबुली देऊन आला, माफी मिळाली, पण केळींतला माणूस काही हलला नाही. पादऱ्याची माफी घेऊन करायचं काय? ज्याचं देणं लागतो त्याने 'जा, सोडलं' म्हणायला हवं ना! मरायच्या आधी एकदा तरी लिबोरिओने आत यावं, घासभर खावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा उरली होती. छातीत घरघर सुरू झाली होती आणि अंथरूण धरायची वेळ फार लांब नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

तर बऱ्याच वर्षांनंतरच्या एका नोव्हेंबरातला तो दिवस. ऊन कलायला लागलेलं. पेतिंग मागे चुलीपाशी, केळीच्या पानात चिकट भाताच्या वळकट्या गुंडाळत होती. टेबलावर ताटं मांडून झालेली, माडीचा पेला भरलेला, मीठ काढलेली मासळी लिबोरिओच्या ताटात. सेल्मो उंबऱ्यात आला. बापाला हाक मारली, आईला मारली. मग खोकला आवरत म्हणाला, "लिबोरिओ, ये रे. या वर्षी तरी ये."

अंगणाच्या कोपऱ्यावर माणूस उभा होता.

सेल्मोला दचकायलाही झालं नाही, इतकी सवय झालेली. उलट या वेळी तो केळींच्या अलीकडे आला होता, आणि अंगात शर्टही होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "आलास? ये, बस. मासळी खारट नाहीये, बघ. तिने धुऊन घेतलीय."

माणूस गोंधळला. पन्नाशीला टेकलेला, एका पायाने लंगडणारा, बगलेत कापडाची पिशवी. "नोंग सेल्मो... ओळखलंत मला?"

"न ओळखायला काय? वर्षानुवर्षं बोलावतोय तुला. केळींत उभा राहून छळलंस मला, मी काही म्हटलं नाही. आता आलायस तर राग सोड आणि जेव."

"केळींत? मी तर आत्ता येतोय, नोंग. बंदरावरून चालत."

तेवढ्यात पेतिंग वळकट्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. तिने पाहिलं, आणि पातेलं हातातून सुटलं. वळकट्या अंगणभर.

सेल्मो वळला. त्याचा आवाज फाटला. "पेतिंग! तुला दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे? समोर उभाय की मेला! अगं आई गं! अरे, तू जिवंत आहेस?"

"आहे, नांग," लिबोरिओ ओशाळून म्हणाला. "असावा."

पेतिंगने पुढे होऊन त्याचा दंड चिमटीत धरला. गरम होता. मग तिने जो तोंडाचा पट्टा सोडला! इतकी वर्षं मासळ्या धुतल्या, मेणबत्त्या लावल्या, नवऱ्याच्या हाडांची काडं झाली, आणि हा लेकाचा चांगला धडधाकट? एक निरोप धाडता येत नव्हता? सेल्मो मात्र उंबऱ्यातच खाली बसला. त्याला एवढंच विचारायचं होतं.

"मॅगझिन अडलं ना रे? माझं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो शब्द मोठ्याने उच्चारला.

लिबोरिओने पिशवीतून फडक्यात बांधलेली वस्तू काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. खाऱ्या हवेने कोपरे गंजलेले, पण सेल्मोने स्वतःच्या कानशीचे फराटे लगेच ओळखले. बापाला पोराची पाठ ओळखू यावी तसे.

"अडलं नाही, नोंग. एकदाही नाही. मीच थांबलो."

सेल्मोने ते उचललं. अंगठा आपोआप जिथे जायचा तिथे गेला. दाबलं. अजून तितकंच नेमकं, तितकंच गुळगुळीत. एवढ्या वर्षांनी! त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम त्याच्या हातात होतं आणि ते त्याने गरम हातांनी केलं होतं. खोटं कशाला सांगू, म्हातारा हसला. तोंडभर हसला. "ऐकलंस पेतिंग? अडलं नाही! माझं अडलं नाही! मी नाही मारला त्याला!" छातीवरची धोंड उतरावी तसा त्याने श्वास घेतला, आणि त्या श्वासात क्षणभर घरघरही नव्हती.

लिबोरिओ हसत नव्हता.

"मग थांबलास कशाला?" पेतिंगनेच विचारलं.

"धुकं होतं, नांग. एक छोटी होडी सरळ आमच्याकडे येत होती. तांडेल ओरडला, लुटारू, लुटारू. मी सुरू केलं. वाटलं, दोनचार गोळ्यांत अडेल, घाईत केलेलं काम. आई शप्पथ, मनातून वाटत होतं अडावं. पण ते सुटतच राहिलं, सुटतच राहिलं." त्याने ओठ पुसले. "मग धुकं जरा फाटलं. होडीत एकच माणूस. इंजिन बंद पडलं होतं त्याचं. मदत मागायला शर्ट काढून हलवत होता."

अंगणात सांडलेल्या भाताला कोंबड्या टोचत होत्या, पण त्यांना कुणी हाकललं नाही.

"तो पाण्यात पडला, तशी मीही उडी मारली. म्हटलं, धरावा. नाही सापडला. प्रवाळावर माझा पाय फाटला. दुसऱ्या बोटीने मला उचललं आणि लांब दक्षिणेला सुरिगावला सोडलं. तिथेच राहिलो, दुसऱ्या नावाने. मालकाला लुटारूच हवे होते, नाहीतर खून अंगावर आला असता; तांडेलाने तेच सांगितलं असणार. बंदूक बोटीवरच राहिली; थांबताना तिच्यातून उपसून कमरेला खोचलेलं हे तेवढं राहिलं माझ्याकडे. खूपदा समुद्रात फेकायला गेलो. तिथे तो आहे, तिथेच हे कसं फेकू? म्हणून ज्याचं त्याला द्यायला आलो."

सेल्मोच्या तोंडावरचं हसू कधीच मावळलं होतं. तो लिबोरिओकडे बघत नव्हता.

"शर्ट हातात होता त्याच्या?"

"हो."

"आणि अंगाने उघडा."

"हो, नोंग. का?"

लिबोरिओच्या खांद्यावरून म्हातारा केळींच्या बनाकडे बघत होता, आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आलेला पेतिंगला उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. तिनेही वळून तिकडे पाहिलं. तिला केळीच दिसल्या. पण या वेळी काठी शोधायला ती गेली नाही.

"सेल्मो," ती हळू आवाजात म्हणाली, "हा जर इथे जिवंत बसलाय, तर तिथे..."

"हाक याच्या नावाने मारत होतो ना," सेल्मो म्हणाला. "तो कसा आत येणार?"

मग पेतिंगनेच सगळं हातात घेतलं. अशा वेळी बायकाच लागतात. जिवंत माणसाचं ताट मेलेल्यांच्या पंगतीत मांडलं, तर ते त्या माणसाने स्वतः बसून शेवटच्या शितापर्यंत संपवायचं असतं, नाहीतर हाक त्याला ओढत राहते. तिने लिबोरिओला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "खा. एक शीत टाकायचं नाही." तो खाऊ लागला. डोळे वाहत होते, पण खात होता. मध्येच पुटपुटला, "नांग, यात मीठच नाही."

"गप्प खा," पेतिंग म्हणाली आणि खांद्यावरच्या पंच्याने तिने स्वतःचेच डोळे टिपले.

उंबऱ्यावरचं मॅगझिन तिने फडक्यासकट उचललं, मागे गेली आणि संडासाच्या खड्ड्यात टाकून आली. सेल्मोने अडवलं नाही. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम कुठे गेलं, हे त्याने वळूनही पाहिलं नाही.

ताट रिकामं झालं. तिने ते राखेने घासलं, धुतलं, पुसलं, पुन्हा टेबलावर मांडलं. भात वाढला, मासळी वाढली, माडी ओतली. आणि मग तिघेही त्या ताटाकडे बघत उभे राहिले.

"नाव काय त्याचं?" सेल्मोने विचारलं.

लिबोरिओने मान खाली घातली. "माहीत नाही."

"माहीत नाही? इतक्या वर्षांत विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारू, नोंग? होडीवर बेटाचं नाव रंगवलेलं होतं, तेवढं पाहिलं. कामोतेसची होती. तिथे जाऊन कुणाच्या दारात उभा राहू? काय म्हणून विचारू? मी कोण, असं त्यांनी विचारलं तर?"

सेल्मोने माळ्याच्या फळीवरून आपली गवताची टोपी काढली, धूळ झटकली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली, सकाळी बाहेर पडताना हाताशी यावी अशी.

"पहाटेची बोट असते कामोतेसला."

"नोंग, ते मला जिवंत सोडणार नाहीत."

"गोळ्या तू झाडल्यास, त्या सुटाव्यात म्हणून घासलं मी. ते जे काय करायचं ते दोघांचं करतील." त्याला खोकल्याची उबळ आली, पण थांबला नाही. "तू जेवलास ना? पोटभर जेवलास. तो बघ किती वर्षं उभाय."

लिबोरिओ काही वेळ रिकाम्या खुर्चीला धरून राहिला. मग त्याने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीशी पथारीची जागा शोधू लागला.

सेल्मो अंगणात उतरला. पेतिंगने हाक मारली, पण तो थांबला नाही. दिवस बुडायला आला होता. ज्या केळींपर्यंत त्याचे पाय कधी उचलले नव्हते, त्यांच्यापर्यंत तो चालत गेला. पानांमधून खाऱ्या पाण्याचा वास येत होता आणि कुठेतरी थेंब गळत होते, जरी पाऊस आठवडाभर पडला नव्हता. म्हाताऱ्याने टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलला.

"चुकलो, बाबा. हाक दुसऱ्याला मारत होतो. तुमचं ताट वाढलंय, पण नावाशिवाय तुम्हाला आत येता येणार नाही, मला ठाऊक आहे. उद्या तुमच्या घरी जाऊन नाव विचारून येतो. इतकं थांबलात, आजची रात्र थांबा."